चिरफाड, शेंगा आणि पाटलांचा खिलार

माणसानं आयुष्यात काय साठवावं? कुणी जमीन साठवतं, कुणी पितळेची भांडी. आम्ही साताऱ्याच्या त्या प्रयोगशाळेत गुरांची काळजं, फुप्फुसं आणि पित्ताशयं साठवली. बरणीत घालायची, फॉर्मॅलीन ओतायचं, झाकण घट्ट लावायचं. आधी कपाटं भरली, मग खिडक्या भरल्या, शेवटी साहेबांच्या टेबलाखाली पाय ठेवायला जागा राहिली नाही. टाकवत काहीच नव्हतं! किश्शांचं तसंच झालं बघा. एक बाहेर काढावा तर त्याच्यामागं दुसरा उभा असतोच. आमची ही म्हणते, "जेवताना नका हो सुरू करू." आता सगळ्यांची जेवणं झालीत, तेव्हा कुणी मला अडवू नका.

साठ ते सत्तरमधली वर्षं. जिल्ह्यात कुठंही जनावर मेलं की ते कशानं मेलं हे शोधायचं, एवढंच आमचं काम. आम्ही डॉक्टर तिघं. दीक्षित साहेब आमचे मुख्य, वाईचे, घाटावरच्या भटजींच्या घरातले. कांबळे औंधच्या बाजूच्या एका खेड्यातला. आणि मी माने, तासगावचा, आवाज मोठा, भूक त्याहून मोठी. जीपही मीच चालवायचो, कारण ड्रायव्हरची जागा मंजूर होईपर्यंत माझे केस पिकले.

* * *

बरण्यांपासूनच सुरुवात करतो. सरकार बरण्या द्यायचं मोजक्या आणि जनावरं मरायची भरपूर. मग साहेबांनी घरच्या लोणच्याच्या बरण्या आणायला सुरुवात केली. वहिनींना पत्ताच नाही! एकेक बरणी पिशवीत घालून गुपचूप सायकलला अडकवायची आणि ऑफिसात आणायची. घरी लोणचं पातेल्यात आणि ऑफिसात बैलाची प्लीहा चिनी मातीच्या बरणीत, असा कारभार.

एकदा पुण्याहून मोठे अधिकारी तपासणीला आले. कडक माणूस. कपाटासमोर उभे राहिले आणि एका बरणीकडे बघतच राहिले. बरणीवर वहिनींच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी तशीच, 'कैरी, तिखट'. त्यांनी झाकण उघडलं, आत डोकावले, झाकण लावलं.

"दीक्षित, हे लोणचं कधी घातलंय?"

साहेबांनी दुर्बिणीतून, म्हणजे आमच्या सूक्ष्मदर्शकातून, डोळासुद्धा काढला नाही. म्हणाले, "मागच्या आठवड्यात. अजून मुरायचंय, सर."

अधिकारी हसले म्हणून बरं! पुढच्या वर्षी बरण्या वाढवून मिळाल्या आणि वहिनींच्या परत गेल्या. वहिनींनी त्या घरात घेतल्या नाहीत, हा भाग वेगळा.

* * *

साहेब कांदा-लसूणसुद्धा खात नसत. पण मेंढ्यांच्या काळजात चपटे किडे होतात, त्यांचा अभ्यास चाललेला. त्यासाठी ताजी काळजं हवीत. मग काय, रोज सकाळी आंघोळ, संध्या, कपाळाला गंध आणि तिथून थेट खाटकाच्या दुकानात! हातात भिंग. प्रत्येक काळीज उलटंपालटं करून बघायचे आणि किडकं मिळालं की आनंदानं ओरडायचे, "वा! काय सुंदर किडे आहेत हो!"

गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन परत जायला लागली. खाटीक बिचारा हात जोडून म्हणाला, "साहेब, किडकी काळजं मी रोज ऑफिसात पोचती करतो. फुकट! पण तुम्ही दुकानात येऊ नका."

ही बातमी वाईला पोचायला किती वेळ लागणार? दीक्षितांचा थोरला खाटकाकडं दिसतो, असं घाटावर सगळ्यांच्या तोंडी झालं. शेजारच्या काकू साहेबांच्या आईंना मुद्दाम विचारायला आल्या. आई वाती वळत होत्या. वळता वळताच म्हणाल्या, "अहो, खातो कुठं? नुसता कापतो!"

* * *

आता माझा एक ऐका. कवठ्याहून एक म्हातारी एस.टी.नं आली, पदराखाली मेलेली कोंबडी. "डाक्टर, कशानं मेली ते बगा." मी कोंबडी उघडली, आतलं सगळं बघितलं, रोग ओळखला आणि तिला समजावून सांगितलं, "आजी, मानमोडी आहे. बाकीच्या कोंबड्यांना लस टोचून घ्या."

"टोचून घेती. मानमोडी मानसाला व्हती का?"

"नाही हो आजी, तशी नाही होत."

"मग द्या हिकडं. पावनं आल्यात घरी."

माझं डोकं असं तापलं म्हणता! तपासलेली कोंबडी खायची नसते, हे मी तिला माझ्या मोठ्या आवाजात सांगितलं. ती जागची हलेना. शेवटी मी तिच्यादेखत कोंबडीवर फिनेलची बाटली उपडी केली. म्हातारीनं वास घेतला, विचार केला आणि म्हणाली, "दोन पान्यानं धुतल्याव निगंल का?"

* * *

आता कांबळेचं सांगतो, आणि हे जरा नीट बसून ऐका.

जनावर उघडण्यात कांबळेसारखा हात मी पुन्हा बघितला नाही. आतडं कुठं फाटायचं नाही, रक्ताचा शिंतोडा उडायचा नाही. मुंबईच्या कॉलेजातून पास होऊन आलेला, बोलायला कमी, कामाला वाघ. पण ह्या वाघाला एका माणसाची भीती होती. त्याचे वडील, आबा.

गावातलं मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम पिढ्यान् पिढ्या ह्यांच्या घरावर लादलेलं. छप्पन साली आबा नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आले आणि चावडीसमोर उभं राहून त्यांनी गावाला सांगितलं, "आजपासनं आमच्या घरातला हात मेल्याल्या जनावराला लागायचा न्हाई." त्यापायी गावानं त्यांना काय काय सोसायला लावलं, ते कांबळे सांगायचा नाही. आबांनी खडी फोडली, उसाच्या फडात राबले, पण शब्द मोडला नाही आणि पोराला शिकवलं.

आणि पोरगा शिकून काय झाला? रोज मेलेल्या जनावरात कोपरापर्यंत हात घालणारा! आबांना त्यानं एवढंच सांगितलेलं, की नोकरी दुर्बिणीत बघायची आहे.

मी म्हटलं, "अरे, सांगून टाक की एकदा."

"माने, आबांनी 'सोड' म्हटलं तर मी त्याच दिवशी सोडणार. त्यांच्या शपथेपुढं माझी नोकरी काय?" मग म्हणाला, "पण सोडवत नाही रे. माझ्या आज्यानं जन्मभर जनावरं ओढली. ती कशानं मेली हे त्याला कधी कुणी सांगितलं नाही. मला ते बघायचंय."

मी उठलो आणि हे साहेबांच्या कानावर घातलं. साहेब एवढंच म्हणाले, "हा मुलगा गेला तर प्रयोगशाळेला कुलूप लावा." तेव्हापासून कांबळेचं गुपित आमच्या तिघांचं झालं.

* * *

आणि एक दिवस आबा न कळवता आले!

मी फाटकात उभा. पांढरं धोतर, निळी टोपी, हातात काठी, चेहरा थेट कांबळेचा. "आमचा सदा हितंच असतोय न्हवं?" सदा मागच्या शेडमध्ये म्हशीच्या पोटात होता!

मी आबांना पाणी दिलं, चहा सांगितला, तासगावच्या द्राक्षांवर भाषण ठोकलं आणि मधूनच मागं पळालो. "कांबळे, आबा!" कांबळे पांढराफटक. साहेबांनी मात्र एक क्षण घालवला नाही. "एप्रन काढा. हात धुवा. माझ्या खुर्चीत जाऊन बसा." आणि स्वतः गमबूट चढवून म्हशीत शिरले.

कांबळे साहेबांच्या खुर्चीत बसला आणि दुर्बिणीला डोळा लावला. काचेवर होता म्हशीच्या काळजाचा काप. तो आबांना कसा दाखवणार? मी माझ्या डब्यातला कांदा काढला, त्याचा पातळ पापुद्रा काचेवर ठेवला. आबांनी बघितलं आणि हरखून गेले.

"आरं, घरं हायत की ही! एकाला एक लागून. सगळी सारखीच." मग लेकाकडं बघून म्हणाले, "ह्यात वरली आळी कंची, खालली कंची?"

"वेगळी नसते, आबा."

"झ्याक हाय तुझी नोकरी."

आबा खूश होऊन उठले आणि आम्ही अडवायच्या आत मागच्या दारानं बाहेर पडले! समोर दीक्षित साहेब. गोरेपान, गळ्यात जानवं, अंगभर रक्त, म्हशीचं आतडं खांद्यावर टाकून घमेल्याकडं चाललेले. आबा थबकले. वरपासून खालपर्यंत बघितलं. डोळ्यात पाणीच आलं त्यांच्या.

"बाबा, चांगल्या घरचा दिसतूस. शिकला न्हाईस व्हय?"

साहेबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "राहून गेलं, आबा."

जाताना आबांनी लेकाला बाजूला घेऊन बजावलं, "त्या गरिबाला जपून वागीव. हे काम करायला लागनं काय असतंय, ते आपल्याला ठावं हाय."

त्यानंतर आबा येताना दरवेळी फडक्यात बांधून भाजलेल्या शेंगा आणायचे. लेकाला नाही हं, 'त्या गरिबाला'! साहेब शेडच्या पायरीवर बसून आबांबरोबर शेंगा फोडायचे, सुखदुःखाचं बोलायचे. कांबळे शरमेनं मेल्यासारखा व्हायचा. "साहेब, आता तरी खरं सांगू द्या." तर साहेब म्हणायचे, "खबरदार! शेंगा बंद होतील."

* * *

मध्ये त्या पेटीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दुर्बिणीची मूळ लाकडी पेटी वाळवीनं खाल्ली. गावोगाव न्यायला पेटी तर हवी. मी मिरजेला माझ्या ओळखीच्या सतार बनवणाऱ्याकडं गेलो. म्हटलं, "मजबूत पेटी करून दे." त्यानं मान डोलावली.

आणून दिली ती बघून साहेबांनी डोक्याला हात लावला. सतारीचंच लाकूड, वर चकचकीत पॉलिश, कडेनं वेलबुट्टी, झाकणावर पांढऱ्या पट्ट्या बसवून काढलेले दोन मोर! मी त्याला म्हटलं, "अरे, ह्यात रोगाचे जंतू बघायचं यंत्र ठेवायचंय." तो म्हणाला, "मालक, माझ्या हातानं साधं होत नाही, त्याला मी काय करू?"

पुढं आम्ही कुठल्याही गावात गेलो की पेटी बघून माणसं आपोआप सतरंजी अंथरायला लागायची.

* * *

आता शेवटचा. चहा असेल तर आणा अर्धा कप.

पासष्टची लढाई संपून फौजेतली पोरं रजेवर गावाकडं येत होती, ते दिवस. औंधच्या दवाखान्यातून निरोप आला. एका पाटलांचा खिलार बैल सकाळी चालता चालता पडला आणि मेला, नाकातोंडातून काळं रक्त. गावाचं नाव ऐकलं आणि कांबळेच्या हातातला कप तसाच राहिला. त्याचंच गाव!

साहेब म्हणाले, "तुम्ही नाही आलात तरी चालेल."

"माझ्याच गावात मी तोंड लपवू का, साहेब?"

जीपमध्ये ठरलं. जनावराला हात साहेब लावणार, कांबळे फक्त दुर्बीण बघणार. आबांसमोरचं नेहमीचं नाटक.

बैल पाटलांच्या दारातच आडवा पडलेला. काय जनावर होतं! पांढराशुभ्र, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं. पाटील उंबऱ्यावर डोकं धरून बसलेले. सगळा गाव जमलेला आणि एका बाजूला आपली माणसं मागं घेऊन आबा उभे. बैल ओढून न्यायला या म्हणून सकाळपासून त्यांना निरोप जात होते आणि आबा तिथं येऊन सगळ्यांसमोर 'न्हाई' म्हणत होते. माणसं चिडलेली. "बैल दारात कुजवायचा का मग?" असं कुणीतरी ओरडत होतं. प्रकरण हातघाईवर येणार असं दिसत होतं.

मी मोरांची पेटी दारासमोरच्या पारावर ठेवली. एक म्हातारा म्हणाला, "आवं, घरात बैल मेलाय आन् गानं लावताय व्हय?"

कांबळेनं लांबूनच ते काळं रक्त बघितलं आणि त्याचा आवाज बदलला. "सगळे मागं सरा! ही काळपुळी दिसते. माणसालाही होते, जीव जातो!" गाव झपकन मागं झाला. साहेब मुकाट्यानं रबरी हातमोजे चढवायला लागले.

"सदा!"

आबांचा आवाज. आंबेडकरी जलशात गाणारा गळा तो, साऱ्या गावात घुमला.

"मानसाचा जीव जातोय म्हंतूस, आन् त्या गरिबाला फुडं घालतूस?"

"आबा, ते..."

"साहेब तू हायस. धोक्याचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं, हे आपल्यावर केलं तेवढं बास झालं! घाल, तुझा तू हात घाल!"

कांबळे आबांसमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आबा, जनावर मेलेलं आहे. तुमची शपथ..."

आबांनी बैलाकडं बघितलं, पाटलांकडं बघितलं, मग लेकाकडं. "शपत कशापायी घेतली रं? कुनी हाक मारली की वडाय जायचं न्हाई, म्हनून घेतली. तुला कुनी वडाय बोलावलंय का? तू कशानं मेला ते बगाय आलायस."

आणि इतकी वर्षं दाबलेलं कांबळेच्या तोंडून बाहेर पडलं. "आबा, मी हे रोज करतो. साताऱ्यात. रोज करतो."

गेला, आता हा आमच्या हातातून गेला, असं मनात म्हणत होतो.

आबा म्हणाले, "मग थांबलास का? रोजचं हाय तर नीट कर."

कांबळेनं साहेबांच्या हातातून मोजे घेतले. बैलाजवळ बसला. कानाच्या टोकाला जरासं टोचलं, रक्ताचा थेंब काचेवर ओढला, स्पिरिटच्या दिव्यावर धरला, निळा रंग घातला. दुर्बिणीचा आरसा आभाळाच्या उजेडाकडं फिरवला आणि डोळा लावला. मग साहेबांनी बघितलं, मग मी. उसाच्या कांड्या ओळीनं मांडाव्यात तसे काळपुळीचे जंतू!

कांबळे उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "ह्या बैलाला कुणीही हात लावायचा नाही. ओढायचा नाही, फाडायचा नाही, कातडं काढायचं नाही. ओढत नेला तर वाटेवरच्या मातीत रोग राहील आणि गावातली जनावरं वर्षानुवर्षं मरतील. आहे तिथंच लगत पुरुषभर खड्डा घ्यायचा, बांबूनं आत लोटायचा, वर चुना. सरकारी हुकूम आहे."

पाटील उठून उभे राहिले. "माज्या दारात?"

"दारात."

"आन् खननार कोन?"

"ज्याचं जनावर, त्यानं."

मला वाटलं, आता काठ्या निघणार! पण पाटलांनी बैलाकडं एकदा बघितलं आणि मुंडासं काढून उंबऱ्यावर ठेवलं. "राजा हाय माजा. मीच खनतो." त्यांचा धाकटा भाऊ फौजेतून रजेवर आलेला, तो कुदळ घेऊन पुढं झाला. "दादा, बाजूला व्हा, खंदक खोदायची आपल्याला ट्रेनिंग हाय!" मग भावकी आली. बघता बघता पाटलांच्या अंगणात माती उडायला लागली.

कांबळेनं मोजे काढले, हात फिनेलमध्ये बुडवले, साबण लावला. घरातून पाण्याची कळशी आली. आबांनी तांब्या स्वतः उचलला आणि लेकाच्या हातांवर पाणी घातलं, साबण जाईपर्यंत घालत राहिले. कांबळे रडत होता, मी रडत होतो आणि साहेब उगाच चष्मा पुसत होते.

मग आबा पाराकडं आले. "बगू दे तरी, ह्यात आज काय दिसतंय."

कांबळेनं त्यांना दुर्बिणीशी बसवलं. आबा बराच वेळ बघत होते. मग मान वर करून त्यांनी अंगणाकडं बघितलं. पाटील कमरेपर्यंत खड्ड्यात, घामाघूम, फावड्यानं माती बाहेर टाकत होते. आबांनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

"येवढूसं हाय की रं हे!" आबा म्हणाले. "आमी छप्पन सालापासनं वरडून सांगतोय, मेल्याल्या जनावराला हात लावनार न्हाई. ऐकलं का कुनी? आन् ह्या किड्याचं बघ, लगेच ऐकलं!"